खोलीमालकाला आधारची झेरॉक्स द्यावीच लागते का?

नाही; लातूरला नीटच्या शिकवणीसाठी मुलीला खोली घेताना मालकाला ओळखीचा पुरावा द्यावा लागला, तरी तो संपूर्ण आधार क्रमांक दिसणाराच असला पाहिजे, असे बंधन तुमच्यावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात खासगी संस्थांना आधार सक्तीने मागण्याची वाट देणारा आधार कायद्याच्या कलम 57 मधील भाग रद्द ठरवला, आणि नीटसारख्या परीक्षांनाही आधार सक्तीचे करता येणार नाही, असे त्याच निकालात म्हटले. आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) ‘माय आधार’ संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून घ्या. त्यात बारापैकी पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष. त्याची छापील प्रत द्या आणि तिच्यावर आडवे ‘केवळ खोलीभाड्यासाठी’ असे लिहून तारीख टाका, सही करा. व्हॉट्सॲपवर फोटो मात्र पाठवू नका, कारण तो मालकाच्या गॅलरीत वर्षानुवर्षे पडून राहतो आणि तिथून दलालाकडे कधी जातो ते कोणालाच कळत नाही. मात्र भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याचा आदेश जिथे लागू असेल, तिथे नाव, कायमचा पत्ता आणि छायाचित्र देणे टाळता येणार नाही. कोणते ओळखपत्र चालेल हे त्या ठाण्यातच विचारून घ्यावे.