लॉन काढण्याआधी मंजुरीचा महिना ठरवा

इर्व्हाइनच्या घरासमोरचे लॉन काढून कॅलिफोर्नियाची स्थानिक झुडपे लावायची, त्यासाठी मेट्रोपॉलिटन वॉटर डिस्ट्रिक्ट या दक्षिण कॅलिफोर्नियाच्या पाणीपुरवठा संस्थेच्या अनुदानाचा अर्ज मार्चमध्ये भरायचा आणि उन्हाळ्यात सवडीने काम उरकायचे, हा आपला बेत वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण नेमक्या याच वेळापत्रकात आमची बरीचशी रोपे गेली. मंजुरीआधी लॉनला हात लावायचा नाही, हे आपल्याला ठाऊक असणारच. मला सांगायचे आहे ते मुदतीविषयी.

मंजुरीपासून काम पूर्ण करण्यास 180 दिवस मिळतात. मंजुरी एप्रिलमध्ये आली, तर लागवडीचा खरा, म्हणजे पावसाआधीचा, हंगाम सुरू होण्याच्या सुमारासच ही मुदत संपते. सिअनोथस आणि मँझनिटा या स्थानिक झुडपांची वाढ उन्हाळ्यात जवळजवळ थांबलेली असते. अशा वेळी नव्या रोपांना तापलेल्या मातीत वारंवार पाणी द्यावे तर फायटोफ्थोरा या मातीतल्या बुरशीसारख्या रोगजंतूमुळे मुळे कुजतात, आणि न द्यावे तर रोपे करपतात. आम्ही आपल्यापेक्षा आतल्या, अधिक उष्ण भागात राहतो. आमच्या पाणी-कार्यालयाने, ज्याचे नाव मी घेणार नाही, मुदतवाढीच्या लेखी विनंतीला उत्तरच दिले नाही. फोनवर मात्र ‘दर 100 चौरस फुटांमागे 3 रोपे दिसली नाहीत तर अनुदान रद्द’ एवढेच पुन्हा पुन्हा ऐकवले. त्यामुळे ऑगस्टमध्ये लावाव्या लागलेल्या सिअनोथसचे रोप हलक्या हाताने ओढले तरी मातीतून सुटून येई, आणि काळी पडलेली मुळांची साल बोटांना चिकटून राही. पाणी वाचवण्यासाठीच्या योजनेपायी भर उन्हाळ्यात मरत्या रोपांवर पाणी ओतावे लागले, याची चीड अजून गेलेली नाही.

म्हणून माझे ठाम मत असे, की मंजुरी जूनअखेर हाती येईल अशा बेताने अर्ज करावा. मग जुलै-ऑगस्टचे ऊन हरळी मारण्यासाठी वापरता येते आणि मुदतीच्या आत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पावसाच्या तोंडावर लागवडही होते. आपले लॉन हरळीचे, म्हणजे बर्म्युडाचे असेल, तर नुसता पुठ्ठा आणि त्यावर लाकडाच्या तुकड्यांचे आच्छादन यांवर विसंबू नये. तिच्या कांड्या पुठ्ठ्याच्या सांध्यांतून डोके वर काढतातच. गवत अगदी बुडाशी कापून, जमीन भिजवून, पारदर्शक प्लास्टिक कडा मातीत दाबून सहा ते आठ आठवडे अंथरलेले बरे. समुद्राजवळच्या ढगाळ हवेत मात्र हा उपाय कमी पडतो.

अनुदानाचे दर आणि अटी शहरागणिक वेगळ्या असतात व बदलतही राहतात, तेव्हा माझ्या शब्दावर न जाता आपल्या मंजुरीपत्रावरची तारीख आणि मुदतवाढीचे कलम आधी वाचावे, आणि मुदतवाढ लागणार असेल तर ती ईमेलने, वेळेआधीच मागावी. एचओएने, म्हणजे वसाहतीतील घरमालकांच्या संघटनेने, हरकत घेतली, तर राज्याच्या दिवाणी संहितेतील कलम 4735 दाखवावे. लॉनऐवजी कमी पाण्याची झाडे लावण्यास त्यांना बंदी घालता येत नाही.