चावी खिशात, बोट बटणावर: जुन्या गाडीचे प्रश्न

या वेळी बटण स्टार्ट आणि कीलेसचेच (चावी न लावता दार उघडणं) प्रश्न इतके आलेत की बाकीचे पुढच्या अंकात घेऊ.

प्र. वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. मुलगा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि रिले (विजेवर चालणारे स्विच) वापरून घरीच पुश बटण स्टार्ट करू. करावं का, की वायरिंगची वाट लागेल? (सातारा)

करा की. पद्मिनीसारखी गाडी यासाठी सोपीच, कारण तिच्यात ना ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ना इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारं), स्पार्क देणाऱ्या इग्निशन कॉइलला १२ व्होल्ट मिळाले, सेल्फ फिरला आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल असलं की इंजिन चालू. फक्त एक अट घालतो, मुलाला आधीच सांगून ठेवा: मूळ चावीची एकही वायर कापायची नाही. नवीन रिले चावीच्या स्विचला समांतर जोडायचे, म्हणजे उद्या आर्डुइनोने मान टाकली तरी चावी घालून घरी येता येतं.

रिले तीन लागतील, अ‍ॅक्सेसरी, इग्निशन आणि सेल्फ. इथे लोक ऑनलाइन मिळणारा निळ्या रिलेचा बोर्ड आणतात, त्यावर १० अँपिअर लिहिलेलं असतं आणि वाटतं पुरेल, पण सेल्फचं सोलेनॉइड (सेल्फला वीज जोडणारा मोठा चुंबकी स्विच) ओढताना झटक्यात त्याहून बराच जास्त करंट घेऊ शकतं, मग कॉन्टॅक्ट चिकटतो आणि सेल्फ फिरतच राहतो, बॅटरीची केबल उपटेपर्यंत थांबत नाही. गाडीचे ४० अँपिअरचे रिले घ्या, प्रत्येकाला वेगळा फ्यूज. आर्डुइनोची पिन रिलेची कॉइल थेट ओढू शकत नाही, मध्ये ट्रान्झिस्टर किंवा यूएलएन२००३ ही ड्रायव्हर चिप लागतेच, आणि ट्रान्झिस्टर वापरला तर रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड टाकायला विसरू नका.

आता खरा मुद्दा. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज ९ च्या आसपास, थंडीत बॅटरी जुनी असेल तर त्याच्याही खाली जातो, वर पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले उघडमीट करणारे संपर्क) आणि कॉइलचा स्पार्क वायरिंगमध्ये विजेचा गोंधळ घालत असतोच, अशात कंट्रोलर, म्हणजे आर्डुइनो, रिसेट होणं अगदी नेहमीचं. उभ्या गाडीत झालं तर हसून सोडून द्याल, पण हेच चालत्या गाडीत खंबाटकी घाटात झालं आणि इंजिन बंद पडलं तर? म्हणून इग्निशनचा रिले आर्डुइनोच्या जिवावर चालू ठेवायचाच नाही. तो सेल्फ-होल्ड करा: कंट्रोलरने एक पल्स द्यायचा, मग रिलेने स्वतःच्याच दुसऱ्या, चावीच्या लाइनला न जोडलेल्या कॉन्टॅक्टवरून स्वतःची कॉइल धरून ठेवायची आणि बंद करायचं असेल तेव्हाच दुसऱ्या छोट्या रिलेने तो होल्ड तोडायचा. कंट्रोलर मेला तरी इंजिन चालू राहतं. तसंच चालत्या गाडीत रिमोट सापडत नाही म्हणून इंजिन बंद, असला शहाणपणा प्रोग्रॅममध्ये नको, फार तर बझर वाजू दे.

क्लचच्या पेडलला मायक्रोस्विच लावा. तयार किट बहुतेक वेळा ब्रेक लाइटची वायर मागतात, ऑटोमॅटिक गाडीला ते चालतं, आपल्याकडे ब्रेक दाबलेला आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये, बटण दाबलं की गाडी पुढे उडी मारणार. आणि इग्निशन चालू पण इंजिन बंद अशी गाडी राहिली तर दोन-तीन मिनिटांत ते आपोआप तुटायला हवं, नाहीतर पॉइंट मिटलेले असले की इग्निशन कॉइल तापून जळते. इंजिन चालू आहे की नाही हे ऑइल प्रेशरच्या स्विचवरून कळतं, त्याची वायर दिव्यापर्यंत आधीच आलेली असते. सेल्फला ५-६ सेकंदांची मर्यादाही त्यावरूनच घाला, आणि इंजिन चालू असताना बटण चुकून दाबलं तर सेल्फ लागणारच नाही हेही.

आणखी एक, चावीच्या स्विचमध्येच स्टिअरिंग लॉक असेल तर चावी न घालता इंजिन चालू होईल पण स्टिअरिंग लॉकच राहील. ते यंत्राचं काम, रिलेने सुटत नाही. अशा गाडीत बटण हवं तर चावी घालून लॉक सोडूनच बसायचं, मग बटणाची गंमत तेवढीच उरते, पण लॉक ठोकून काढून टाकू नका.

प्र. दार आपोआप उघडणारं किट सुरक्षित असतं का? (डोंबिवली)

स्वस्त किटचा रिमोट बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर दर वेळी तोच कोड पाठवतो, आणि तो कॉपी करणारे रिमोट बाजारात खुलेआम मिळतात. घेताना रोलिंग कोड, म्हणजे दर वेळी बदलणारा कोड, आहे का हे विचाराच. आरएफआयडी टॅगचंही (रीडरजवळ धरला की ओळखला जाणारा) तसंच, १२५ किलोहर्ट्झचा साधा टॅग कॉपी होतो. जवळ गेलं की उघडणारं म्हणजे पॅसिव्ह किट आणखी नाजूक, खिशातल्या रिमोटचा सिग्नल दोन माणसं मिळून लांबवर पोचवू शकतात, नवीन महागड्या गाड्या अशाच चोरीला जातात. मी तर म्हणेन दाराला रिमोटचं साधं सेंट्रल लॉक ठेवा आणि इग्निशनच्या लाइनमध्ये एक लपवलेला स्विच. चोराला तो शोधायला वेळ लागतो, तुम्हाला नाही.

अ‍ॅक्च्युएटर (दाराचं लॉक ओढणारी छोटी मोटर) लावताना वायर दाराच्या बिजागरीजवळून रबरी ग्रॉमेटमधूनच न्या. आणि ज्यांच्याकडे पुढची दारं उलटी उघडणारी जुनी दुक्कर फियाट आहे त्यांनी गाडी चालू असताना लॉक सुटणारच नाही अशी सोय आधी करावी, त्या दाराला वारा बाहेर ओढतो.

प्र. मॉरिस मायनर आहे, किट आणलंय, वायरमन म्हणतो जोडून देतो. चालेल ना? (कोल्हापूर)

थांबवा त्याला. जुन्या मायनरमध्ये बॅटरीचा प्लस बॉडीला असतो, म्हणजे पॉझिटिव्ह अर्थ, आणि किट निगेटिव्ह अर्थ धरून बनवलेलं, जोडताक्षणी धूर निघेल. शिवाय बऱ्याच मायनरमध्ये सेल्फ ओढायच्या नॉबने, केबलवर चालतो, सोलेनॉइडच नसतं, ते वेगळं बसवावं लागेल. आधी गाडी निगेटिव्ह अर्थवर आणा, त्यात डायनॅमो नव्याने पोलराइज करावा लागतो, म्हणजे त्याचे प्लस-मायनस बदलावे लागतात, कॉइलच्या वायर अदलाबदल कराव्या लागतात. आणि खरं सांगू? ती नॉब ओढून मायनर चालू करण्यात जी मजा आहे ती या बटणात नाही.

प्र. किट लावल्यापासून महिना-दीड महिना उभी राहिली की बॅटरी उतरते. (नाशिक)

रिसीव्हर सतत जागा असतो. समजा २० मिलिअँपिअर खातो, दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर गेला, ४५ अँपिअर-अवरच्या बॅटरीतले निम्मे दीड महिन्यात संपले. मल्टीमीटरने मोजा, जास्त निघालं तर किटच्या वायरला कट-ऑफ स्विच टाका आणि लांब ठेवायची असेल तेव्हा बंद करून चावीने उघडा.

प्र. रिमोट स्टार्टही येतं म्हणे, घेऊ का? (ठाणे)

नको. चोक ओढणार कोण? आणि गाडी गिअरमध्ये उभी असेल तर?

प्र. विंटेज म्हणून नोंदणी करायची आहे, बटणामुळे अडचण येईल का? (पुणे)

२०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी लागते, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल नकोत. बटण हा तसा मोठा बदल नाही, पण डॅशबोर्डला भोक पाडू नका, बटण डॅशच्या खाली ब्रॅकेटवर लावा, उद्या रॅलीला जायचं झालं तर चार स्क्रू काढले की गाडी जशीच्या तशी. विमा कंपनीला मात्र लेखी कळवा.