आजोबांना डाळिंब सोलता येत नाही का?

मनू,

इंदूरहून परत येताना विमानात तू विचारलंस, “बाबा, आजोबांना डाळिंब सोलता येत नाही का?” मी “झोप आता” म्हणून विषय टाळला. तू आठ दिवस रोज बघत होतीस, आजीची बोटं सांध्यांनी वाकलीत, तरी चार वाजले की ती दाणे काढून वाटी आजोबांच्या हातात देते. तुझा प्रश्न मला लागला, कारण अठराव्या वर्षापर्यंत मलाही डाळिंब सोलता येत नव्हतं. तशी वेळच कधी आली नव्हती.

मराठीत लिहितोय. अडलं तर विचार, आणि कंटाळा आला तर ठेवून दे.

आमच्या रामबागेतल्या घरी दसरा जवळ आला की गल्लीत ठेलेवाल्याची हाक यायची, “मांडू के सीताफल!” मांडू आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर. तिथल्या डोंगरातली ती फळं लहान, बियाच बिया, पण गोडी अशी की बोटं चाटत राहावं. माई, म्हणजे माझी आजी, एकेक फळ हातात घेऊन त्याचे डोळे बघायची. डोळ्यांमधल्या खाचा रुंदावून पिवळट झाल्या की फळ दोन दिवसांत पिकणार. कुणी दाबून बघितलेलं तिला खपत नसे.

भाऊबीजेला सीताफळाची बासुंदी ठरलेली. पंचवीस माणसं. दुपारची जेवणं उरकली की माई, तुझी आजी आणि सुमनकाकू मागच्या ओसरीवर परात मध्ये घेऊन बसायच्या. फळ दोन्ही अंगठ्यांनी मधोमध उकलायचं, सुरी लावायची नाही. चमच्याने गर काढायचा, पण सालीला चिकटलेला थर खरवडायचा नाही, तो दाताखाली कचकचतो. मग गर चाळणीवर घेऊन तळहाताने गोल गोल फिरवायचा. बिया वर राहतात, गर खाली उतरतो. मी हल्ली पातेल्यात रवीने हलकेच घुसळतो, बिया लवकर सुटतात. मिक्सर मात्र कधी लावू नकोस, बी फुटली की संपलं, ती विषारी असते. माई बिया वाळवून उवांसाठी वाटायची, तेव्हा आम्हा मुलांना अंगणात हाकलून द्यायची. ती पूड डोळ्यात गेली तर डोळा जातो.

ओसरीवरचं ते चित्र मी तुला आजवर फार गोड करून सांगत आलो. त्यात एक गोष्ट सांगायची राहिली. तुझी आत्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मी आणि बंडूकाकाची मुलं बाहेर क्रिकेट खेळायचो आणि ती परातीपाशी बसलेली असायची. खेळायला येतेस का, असं मी तिला एकदाही विचारल्याचं आठवत नाही.

आणि एक वर्ष असं झालं की बासुंदी चुलीवरून उतरली आणि सुमनकाकूने घाईत गरमच दुधात गर ओतला. सीताफळाचा गर तापला की कडवटतो. पंगत बसली, पहिली वाटी माझी, आणि मी मोठ्यांदा म्हणालो, “कडू आहे!” सगळे थांबले. काकू काही बोलली नाही. माझी वाटी उचलून आत घेऊन गेली. तिच्या नखांत गराचा काळा पडलेला थर तसाच होता. तो हात मला अजून दिसतो. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो, पण नऊ वर्षांच्या मुलालाही कळायला हवं होतं.

आजोबांची बाजूही सांगतो. महाशिवरात्रीला कवठं ते फोडायचे. अंगणातल्या दगडावर नेमका एक घाव, कवठ दुभंगायचं, गर जागचा हलायचा नाही. गूळ घालून कालवायची मात्र माईच. आणि चार वाजता आजी डाळिंब घेऊन बसते तेव्हा आजोबा तिला ‘नईदुनिया’ वाचून दाखवतात. मोतीबिंदूनंतर तिला बारीक अक्षर दिसत नाही. बातमीवर ती बोलते, ते उत्तर देतात, दोघांचा तासभर जातो. यंदा मी तिच्या हातातून डाळिंब घ्यायला गेलो तर म्हणाली, “राहू दे रे, माझं चाललंय.” तिला ते हवंय, असं मला वाटतं. पण पेपर मिटला की वाटी त्यांच्यापुढे जाते आणि तिच्या वाट्याला तळाचे चार दाणे येतात, हेही मी पाहिलंय. यातलं काय धरावं आणि काय सोडावं, मला खरंच ठरवता येत नाही.

मी डाळिंब शिकलो ते ब्रिस्बेनला आल्यावर, एकट्याच्या खोलीत. वरचा मुकुट कापायचा, आत पडदे दिसतात त्या रेघांवर सालीला उभ्या चिरा द्यायच्या, आणि पाण्याच्या भांड्यात बुडवून फोडायचं. दाणे तळाला बसतात, पांढरे पडदे वर तरंगतात, कपड्यांवर डाग नाही. पाच मिनिटांचं काम. पहिल्यांदा जमलं तेव्हा आईची आठवण येऊन घशाशी आलं, आणि मग लाजही वाटली.

यात मराठी काय, असंही तू विचारशील. फळाचं तर काहीच नाही. नावात सीता असली तरी सीताफळ मुळात अमेरिका खंडातलं. इथे क्वीन्सलँडमध्ये होतं ते मोठं फळ म्हणजे सीताफळ आणि चेरिमोया या त्याच्याच कुळातल्या फळाचा संकर, पहिल्यांदा 1908 साली फ्लोरिडात केलेला. आपलं असेल तर ती परात आणि भोवतीची माणसं. त्या परातीभोवती कोण बसायचं, हे तुझ्यामुळे पुन्हा आठवलं.

काल फोनवर मी तुझा प्रश्न आजोबांना तसाच विचारला. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “कधी कुणी हातात दिलंच नाही रे.” मागून आजी म्हणाली, “उद्या देते.”

मार्चपासून इथली सीताफळं येतील. बासुंदी मी करणार आहे. तुला आणि दादाला वाटलं तर या, नाही आलात तरी वाटी ठेवीन. आलीस तर दूध पूर्ण गार झालंय का, ते मला बोट लावून बघून सांग.

तुझा,
बाबा