‘तात्पुरती आलेय’ असं किती दिवस सांगू?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी ३१ वर्षांची आहे. घर कोपरीत, ठाणे पूर्वेला. कॉलेजात एकांकिका केल्या, बी.कॉम. झाले आणि अभिनयच करायचा म्हणून अंधेरीला चार बंगल्याला राहायला गेले. फ्लॅटमध्ये आम्ही तिघी होतो. दोन जाहिराती झाल्या. हिंदी मालिकांमध्ये नर्स, वकिलाची असिस्टंट, नायिकेची मैत्रीण अशी कामं मिळाली. शेवटच्या मालिकेत माझा ट्रॅक लवकर संपवला, त्याच सुमारास घरमालकाने भाडं वाढवलं आणि मी सामान घेऊन घरी आले. आईबाबांना म्हटलं, तात्पुरती आलेय. त्याला आता बरेच महिने झाले.

कास्टिंगच्या सगळ्या ग्रुपवर माझं लोकेशन अजून अंधेरीच आहे. सकाळी अकराला फोन येतो, दोनला अंधेरीतल्या आरामनगरला टेस्ट, म्हणजे ऑडिशन. मी आईला ‘मैत्रिणीकडे चाललेय’ सांगून घाटकोपरला मेट्रो पकडते. ऑडिशनचे कपडे दिवाणाखालच्या सुटकेसमध्येच आहेत. शेजारच्या काकू जिन्यात विचारतात, ‘सध्या कुठल्या सीरियलमध्ये गं?’ आई मध्येच म्हणते, ‘सुट्टीवर आलीये.’ मावशीने एक स्थळ आणलंय. बाबा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून रिटायर झालेत, ते काहीच विचारत नाहीत. मी आल्यावर थोड्या दिवसांनी त्यांनी कपाटातला आपला एक खण रिकामा केला आणि त्यात नवा कागद घातला. मी अजून तिथे काही ठेवलेलं नाही. गडकरी रंगायतनला कॉलेजच्या ग्रुपमधलं कुणी भेटेल म्हणून नाटकाला जाणंही बंद केलंय.

मी परत आले असं सांगून टाकू का? सांगितलं की सगळं संपेल अशी भीती वाटते. आणि ठाण्याहून अंधेरीला गेलेल्या मुलीने ‘परत आले’ तरी कसं म्हणायचं? लोक कुठून कुठून येतात. त्यांच्यापुढे माझं रडगाणंच वाटेल.
— एक वाचक, कोपरी (नाव छापू नये)

उत्तर : प्रिय मुली,

सांगून टाक. आधी बाबांना, मग कास्टिंगवाल्यांना. काकूंना अगदी शेवटी सांगितलंस तरी चालेल.

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण तीच तुला जास्त पोखरत असावी असं वाटतं. नकाशावर अंधेरी जवळ आहे, कबूल. पण बारा तासांची शिफ्ट, सेट मढला नाहीतर नायगावला, पॅकअप नऊचं म्हणत दहाला, मेकअप उतरवून निघेपर्यंत अकरा, आणि सकाळी पुन्हा सातचा कॉल. हे ठाण्यातल्या घरून करून पाहिलेल्या मुली मी ओळखते. पहिले काही आठवडे जिद्दीवर निघतात, मग अंग बोलायला लागतं. तू तिकडे राहायला गेलीस ती कामाची गरज होती. तिथे तू स्वतःच्या कमाईतून भाडं दिलंस, किराणा भरलास, आपल्या वेळेने उठलीस-झोपलीस. ते घर मोडलं. त्याचं वाईट वाटण्यासाठी नांदेडहून किंवा सांगलीहून आलेलं असावं लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. तू राहण्याची जागा बदललीस. अभिनय सोडलास असं तुझ्या पत्रात कुठेही नाही, उलट फोन आला की अजून धावत जातेस. या दोन गोष्टींची तू गाठ मारून ठेवली आहेस. त्यामुळे साधा पत्ता सांगायची वेळ आली तरी तुला वाटतं, आपण हरल्याचं जाहीर करतोय. जागेचा प्रश्न सुटलेला आहे, तू कोपरीत राहतेस. अभिनयाचा प्रश्न उघडा आहे आणि तो काही काळ उघडाच राहील. पहिल्याची लपवाछपवी करण्यात इतकी ताकद चालली आहे की दुसऱ्याकडे बघायला तुझ्याजवळ काही उरत नाही.

लपवल्याने कामाचंही नुकसान होतंय. घोडबंदर रोडच्या बाजूला किती मराठी मालिकांचे सेट लागतात हे तुला ठाऊक असेलच. तिथल्या कोऑर्डिनेटरला आयत्या वेळी नर्स हवी असते, मोठी बहीण हवी असते, तेव्हा ठाण्यात राहणारी, कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याची सवय असलेली मुलगी त्याच्या कामाची असते. तुझ्या नावापुढे अंधेरी लिहिलंय तोवर त्याला हे कळणार कसं? तू फक्त हिंदीतल्या कामांबद्दल लिहिलंस. मराठी मालिकांकडे आजवर पाहिलं नसशील तर आता पाहा. नवे फोटो काढ, खाली ‘ठाणे’ लिही आणि पाठव.

हल्ली बऱ्याच टेस्ट घरूनच रेकॉर्ड करून मागवतात. त्यासाठी मागे कोरी भिंत, तोंडावर खिडकीचा उजेड, पंखा बंद आणि दहा मिनिटांची शांतता लागते. छोट्या घरात हे चोरून होत नाही. आईला सांगितलंस तर ती कुकर नंतर लावेल, टीव्हीचा आवाज बंद करेल, आणि समोरच्या पात्राची वाक्यं वाचायलाही कदाचित तीच बसेल. आता मात्र तिला काकूंसमोर सुट्टीची सबब सांगावी लागतेय. तिलाही ते जड जात असणार.

बाबांविषयी मला जरा जास्त बोलायचंय. पुरुषमाणूस आपला खण रिकामा करतो, त्यात मोजून कागद घालतो, आणि एक शब्द बोलत नाही. त्यांना जे म्हणायचं होतं ते त्यांनी हाताने म्हटलं. मुलीच्या क्षेत्रातलं त्यांना काही कळत नसेल, सल्ला द्यायची हिंमत होत नसेल, पण तुला जागा हवी हे त्यांना न सांगता कळलं. आता रोज कपाट उघडल्यावर त्यांना तो खण तसाच दिसतो. त्यातून ते काय समजत असतील? मुलीला इथे राहायचंच नाही. म्हणून विचारत नाहीत, असा माझा अंदाज आहे. येत्या रविवारी सुटकेस बाहेर काढ, कपडे त्या खणात लाव आणि मग त्यांच्यापाशी बस. ‘बाबा, मी आता इथेच राहणार आहे. कामाचा प्रयत्न चालू आहे. ऑडिशनला जाईन तेव्हा सांगून जाईन.’ एवढं बोललीस तरी पुष्कळ झालं. ते ‘बरं’ म्हणतील आणि पेपर उचलतील. त्याने नाराज होऊ नकोस.

पैशांचंही त्यांच्याशी बोल, आणि बोलताना आकडे समोर ठेव. मी दिवसा बँकेत आणि संध्याकाळी तालमीत असायचे, त्यामुळे कलाकारांचे हिशेब जवळून पाहिलेत. मालिकेचे पैसे कामानंतर साधारण ९० दिवसांनी येतात. म्हणजे तू घरी आलीस तेव्हा शेवटच्या मालिकेचे बरेच पैसे यायचे असणार. ते सगळे आले का? एका वहीत लिही: कोणती मालिका, किती दिवस, पर डे किती, व्हाउचरवर सही कधी केली, रक्कम जमा कधी झाली. राहिलं असेल तिथे प्रॉडक्शनच्या अकाउंट्सला ईमेल टाक. फोनवर विचारत बसू नकोस, लेखी असू दे. फ्लॅटच्या डिपॉझिटमधला तुझा वाटाही बघ. तुझ्या जागी नवी मुलगी आली असेल तर तिने भरलेल्या रकमेतून तो तुला मिळायला हवा.

यातच टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, आला. कलाकारांच्या मानधनातून सहसा १० टक्के कापून घेतात. तुझं वर्षाचं एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरल्यावर ती रक्कम परत मिळते. पण रिटर्नला मुदत असते, आणि ‘आपल्याला कुठला आलाय इन्कमटॅक्स’ म्हणत चांगली चांगली माणसं हे पैसे सोडून देतात. मला याची फार चुटपुट लागते. उन्हात उभं राहून मिळवलेले पैसे असतात ते. आयकर खात्याच्या पोर्टलवर पॅन घालून लॉगिन कर आणि फॉर्म २६एएस उतरवून घे. कुणी किती कापले आणि तुझ्या नावावर भरले की नाही, सगळं त्यात दिसतं.

नोकरीचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. बी.कॉम.वर ठरावीक वेळेची नोकरी मिळाली तर घे आणि पहिल्या पगारापासून घरात ठरावीक रक्कम देत जा, थोडी असली तरी. मी जन्मभर नोकरी सांभाळून नाटक केलं आणि ते मला कधी दुय्यम वाटलं नाही. पण तुला पाहिजे होतं ते हेच, असं मी म्हणणार नाही. पडद्यावर रोज दिसणारा चेहरा व्हायची इच्छा वेगळी आणि संध्याकाळी तालमीला जाणं वेगळं. एकाने दुसऱ्याची भूक भागत नाही. नोकरी लागली की आयत्या वेळच्या काही टेस्ट चुकतील, हेही आधीच धरून चाल. ते नुकसान पेलवेल का, हे तुलाच ठरवावं लागेल.

तरी गडकरीला जा. १९७८ पासून तलावपाळीवर उभं असलेलं ते नाट्यगृह तू चार ओळखीचे चेहरे टाळण्यासाठी सोडलंस, याचं मला खरंच वाईट वाटलं. प्रयोग संपल्यावर आत जा, भेट, ‘मी आता ठाण्यातच आहे’ म्हण. राज्य नाट्य स्पर्धेसाठी ठिकठिकाणचे हौशी संघ तालमी धरतात. कॅमेऱ्यावर काम केलेली, वेळ पाळणारी नटी त्यांना हवीच असते. तुलाही पुष्कळ दिवसांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण भूमिका करायला मिळेल. नर्सच्या दोन वाक्यांनंतर ते तुला हवं असेल, असं मला वाटतं.

लग्न करायचं नसेल तर मावशीच्या स्थळाला ‘नको’ म्हण. कारण देत बसू नकोस.

वर्षभराची मुदत घाल आणि मग कायमचा निर्णय घे, असं मी सांगणार नाही. मुदत घातली की माणूस दिवस मोजतो आणि काम राहून जातं. २६एएस आणि तुझी वही यांचे आकडे जुळले नाहीत तर मला पुन्हा लिही. निर्मात्यांची नावं नकोत, रकमा आणि तारखा पाठव. कुणाला काय लिहायचं ते आपण बघू.

तुझी,
ताई