वाचकांचे प्रश्न : गाणी आली, प्लेलिस्ट राहिल्या

प्रश्न : जुन्या विंडोज संगणकावर आयट्यून्समध्ये (ॲपलच्या गाणी वाजवण्याच्या प्रोग्रॅममध्ये) सुमारे ९,००० गाणी आहेत, बरीचशी सीडीवरून उतरवलेली. सगळी गाणी नव्या लॅपटॉपवर कॉपी करून आयट्यून्समध्ये ओढली. वाजतात व्यवस्थित, पण प्लेलिस्ट आणि गाण्यांना दिलेले तारे गायब! आता?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जुना संगणक अजून पुसला नसेल तर काहीही गेलेलं नाही. गायकाचं, अल्बमचं नाव गाण्याच्या फाइलीतच असतं. प्लेलिस्ट, तारे, गाणं कधी जोडलं, किती वेळा वाजलं, या नोंदी मात्र 'आयट्यून्स लायब्ररी' या वेगळ्या फाइलीत असतात. तिच्या नावाचं शेपूट 'आयटीएल'. ती मागेच राहिली.

आधी जुन्या संगणकावर फाइल मेनूत लायब्ररी, मग ऑर्गनाइझ लायब्ररी उघडून 'कन्सॉलिडेट फाइल्स'वर खूण करा. डेस्कटॉपवर, डी ड्राइव्हवर विखुरलेली गाणी त्यामुळे आयट्यून्सच्या फोल्डरात येतात. ती हलवली जात नाहीत, त्यांची प्रत होते. बाहेर ४० जीबी गाणी असतील तर तेवढी जागा आधी मोकळी हवी. हाच टप्पा लोक गाळतात आणि मग नव्या संगणकावर गाण्यांपुढे उद्गारचिन्हं दिसतात, म्हणजे आयट्यून्सला फाइल सापडत नाही.

आता आयट्यून्स बंद करून म्युझिकमधला 'आयट्यून्स' फोल्डर अख्खाच्या अख्खा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. सीडीवरून ३२० केबीपीएसने (सेकंदाला ३२० किलोबिट) उतरवलेलं पाच मिनिटांचं गाणं साधारण १२ एमबी भरतं. त्या हिशोबाने ९,००० गाण्यांना १०८ जीबी लागतील. लॅपटॉपवर आधी ओढलेली गाणी काढून टाका, फोल्डर म्युझिकमध्येच ठेवा, शिफ्ट दाबून धरून आयट्यून्स उघडा, 'चूझ लायब्ररी' म्हणा आणि ती आयटीएल फाइल दाखवा. लॅपटॉपवरचं आयट्यून्स जुन्याइतकंच किंवा त्याहून नवं हवं. जुन्या आवृत्तीला नव्या आवृत्तीची लायब्ररी उघडता येत नाही.

वेव्ह फाइली (आवाज न दाबता साठवलेल्या मोठ्या फाइली) असतील तर एकट्या फाइली नेण्याचा धोका आणखी मोठा, कारण त्यांची गायक-अल्बमची माहितीसुद्धा बहुतेक वेळा लायब्ररीतच राहते. अशा फाइली जुन्या संगणकावरच ॲपल लॉसलेस या फाइल-प्रकारात बदलून घ्या. आवाजाचा दर्जा तसूभरही कमी होत नाही. फ्लॅक हा तसाच दुसरा प्रकार आहे, पण तो करू नका, आयट्यून्स ते वाजवत नाही.

शेवटी जुन्या संगणकावर अकाउंट मेनूतून 'डीऑथराइझ' करा, म्हणजे त्या संगणकाची परवानगी काढून घ्या. एका ॲपल खात्याला पाचच संगणक चालतात.

प्रश्न : मॅकवरच्या एम३यू प्लेलिस्ट विंडोजवर आणल्या. इंग्रजी नावांची गाणी लागतात. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात.
– एक वाचक, पुणे

उत्तर : एम३यू म्हणजे निव्वळ गाण्यांच्या पत्त्यांची यादी. जुन्या पद्धतीच्या एम३यूत देवनागरी मावत नाही, म्हणून अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं लिहिली जातात. ती एकदा फाइलीत उतरली की मूळ नाव परत येत नाही. नोटपॅडमध्ये डोकं लावण्यात अर्थ नाही. मॅकवरून यादी पुन्हा काढा, या वेळी एम३यू८ प्रकारात, त्यात देवनागरी मावते.

मग पत्ते तपासा. मॅकवरचा पूर्ण पत्ता विंडोजला कळत नाही. नोटपॅडच्या 'रिप्लेस'ने सुरुवातीचा, गाण्यांच्या फोल्डरापर्यंतचा भाग काढून टाका आणि यादी गाण्यांच्या फोल्डरातच ठेवा, म्हणजे पत्ता फोल्डराच्या आतूनच मोजला जाईल. पुढे ड्राइव्हचं अक्षर बदललं तरी बिघडत नाही. जतन करताना एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ (देवनागरीसह सगळ्या लिप्या साठवणारी पद्धत) निवडा.

एवढं करूनही 'वाऱ्या', 'दुसऱ्या' असे शब्द असलेलीच गाणी अडली, तर दोष 'ऱ'चा. संगणकात हे अक्षर दोन प्रकारे साठवता येतं : एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा 'र' आणि खाली नुक्ता (टिंब). जुनी मॅक डिस्क दुसरी पद्धत वापरते, विंडोजवर मराठी कळफलकाने टंकलेलं नाव बहुधा पहिल्या पद्धतीने साठवलं जातं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण प्लेअरला ती दोन वेगळी नावं वाटतात. यादीतली तेवढी ओळ पुसून एक्सप्लोररमधून फाइलीचं नाव जसंच्या तसं चिकटवा.

प्रश्न : पैसे भरून वापरत असलेल्या ॲपमध्ये डाउनलोड केलेली गाणी पेन ड्राइव्हवर नेता येतील का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. त्या फाइली कुलूपबंद असतात, ॲपबाहेर वाजत नाहीत. नव्या संगणकावर त्याच खात्याने लॉग-इन करा. प्लेलिस्ट आपोआप दिसतील, गाणी मात्र पुन्हा डाउनलोड करावी लागतील. वायफाय असताना करा.