मंचावर मधेच स्वर आठवेनासे झाले, तर पियानोवादकाची कारकीर्द संपते का?

"भर कार्यक्रमात ब्लँक झाले. आता दर वेळी तेच होणार. मैफली सोडून फक्त शिकवायला लागू का?" व्यावसायिक पियानोवादकांकडून हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत वारंवार येतो. पुढची हकिकत अशाच एका वादक बाईंची आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय पस्तिशीतलं, पाठीशी बरीच वर्षं एकल मैफलींचा अनुभव. त्या संध्याकाळी बेथोव्हेनचा वाल्डश्टाइन सोनाटा (पियानोसाठीची अनेक भागांची रचना, ऑपस म्हणजे रचना क्रमांक 53) होता. त्याच्या पहिल्या भागात एक फसवी जागा आहे. सुरुवातीला स्वरांची एक ओळ खाली उतरत बार 13 मध्ये (बार म्हणजे नोटेशनमधला ठरावीक मात्रांचा तुकडा) 'जी' या स्वरावर थांबते. पुढे मूळ विषय, म्हणजे मुख्य चाल, परत येतो तेव्हा तीच ओळ 'जी'च्या अर्धा स्वर वरच्या 'ए फ्लॅट'वर थांबते आणि तिथून वाट बदलते. दुसरा विषय पहिल्या फेरीत बार 35 पासून ई मेजर या स्वरपट्टीत येतो, परतीच्या फेरीत बार 196 पासून ए मेजरमध्ये. बाईंचे हात परतीच्या फेरीतही सवयीने 'जी'वर गेले. चुकल्याचं कानाला कळलं, म्हणून त्यांनी मागे जाऊन ओळ पुन्हा धरली आणि पुन्हा 'जी'वरच पोचल्या. तिसऱ्यांदा हात थांबले. आतून नोटेशन आणून त्यांनी सोनाटा पूर्ण केला.

त्यानंतर त्यांनी दोन कार्यक्रम रद्द केले आणि सराव जवळजवळ दुप्पट केला. अख्खा सोनाटा पहिल्यापासून, पूर्ण लयीत, दिवसातून अनेकदा. भीती मात्र वाढतच गेली, आणि त्यात नवल नाही. अशा सरावाने बोटांची सवय तेवढी पक्की होते. या सवयीत प्रत्येक हालचाल आधीच्या हालचालीच्या आधाराने येते. मधली एक कडी निसटली की पुढचं काहीच सापडत नाही. त्यात मंचावर अ‍ॅड्रेनलिन वाढतं, हात गार पडतात आणि लक्ष स्वतःच्या बोटांवर जातं. "आता चौथं बोट की पाचवं?" असा विचार मनात आला की आपोआप होणारी हालचाल तिथेच अडखळते. म्हणजे बाईंची स्मरणशक्ती कमी नव्हती आणि गुणवत्ताही. रचना फक्त बोटांत साठवलेली होती. ती कानात, डोळ्यांत आणि समजुतीतही साठवायला हवी होती.

त्यांना मी पहिलं काम दिलं ते पियानो बंद ठेवून करायचं. नोटेशन घेऊन पहिल्या भागात सोळा ठिकाणी आकडे घालायचे: जिथे विषय बदलतो, स्वरपट्टी बदलते किंवा पेडलची पद्धत बदलते. ही स्थानकं. प्रत्येक स्थानकाची स्वरपट्टी, डाव्या हाताचा पहिला स्वर आणि उजव्या हाताचं पहिलं बोट मोठ्याने सांगता आलं पाहिजे. न बघता सांगता येत नसेल तर ते स्थानक कच्चं.

मग पियानोवर बसायचं, पण शेवटून. आधी सोळावं स्थानक, मग पंधरा ते सोळा, मग चौदापासून. पहिल्यापासून वाजवणाऱ्याची सुरुवात भक्कम आणि शेवट पातळ राहतो. शेवटून बसवलं की पुढे जावं तसं ओळखीचं लागत जातं. रोज एकदा नुसता डावा हात, पाठ, निम्म्या लयीत. हे सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं. कच्च्या जागा मात्र इथेच उघड्या पडतात, कारण उजव्या हाताची चाल आधाराला नसते.

फसव्या वळणाचा सराव वेगळा. 'जी'ची ओळ आणि 'ए फ्लॅट'ची ओळ लागोपाठ वाजवायची आणि हात खाली येण्याआधी "पहिली वाट", "परतीची वाट" असं म्हणायचं. निर्णय हाताच्या आधी झाला पाहिजे.

तिसऱ्या आठवड्यापासून घरातल्या कुणीतरी मधेच आकडा पुकारायचा. "अकरा!" ऐकलं की आहे तिथून थेट अकराव्या स्थानकावर. नियम एकच: अडकलं तर पुढच्या स्थानकावर जायचं, मागे कधीच नाही. मागे गेलं की हात पुन्हा त्याच चुकीच्या वाटेने येतात, आणि श्रोत्यांनाही घसरण कळते. लय न मोडता चार बार गाळले तर बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

कार्यक्रम रद्द करणं थांबवायला सांगितलं. टाळल्याने त्या क्षणी सुटका वाटते, म्हणून पुढच्या वेळी टाळावंसं जास्त वाटतं. आधी तीन ओळखीचे श्रोते, मग दहा, मग अनोळखी छोटं सभागृह. दर वेळी वेगळा पियानो, कारण पट्ट्यांचं वजन आणि पेडलची खोली बदलली की बोटांची सवय आधी डगमगते. मैफलीच्या दिवशी पूर्ण लयीत अख्खी रचना वाजवायची नाही. फक्त स्थानकं, सावकाश. स्टूलची उंची आधीच ठरवायची.

"समोर नोटेशन ठेवलं तर कमीपणा नाही का?" हेही त्यांनी विचारलं. अजिबात नाही. पाठ वाजवण्याची प्रथा रूढ झाली ती 19 व्या शतकात, क्लारा शूमान आणि फ्रान्झ लिस्ट या पियानोवादकांच्या काळात. विख्यात पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्टर उतारवयात नोटेशन समोर ठेवून, जवळ एक दिवा लावून वाजवत. अट एवढीच की सरावही तसाच हवा. ऐनवेळी समोर ठेवलेल्या कागदावर नजर जागा शोधत राहते आणि त्यातच हात चुकतो. कारकीर्दीचं म्हणाल तर पियानोवादक व्लादिमीर होरोविट्झ 1953 नंतर बारा वर्षं मंचापासून दूर होते आणि 1965 मध्ये परतले. घसरणीनंतरच्या आठवड्यात पेशा सोडायचा निर्णय घेऊ नये, हा माझा ठाम आग्रह असतो.

थरथर कमी करणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या काही वादक घेतात. त्या डॉक्टरांनी दिल्याशिवाय घेऊ नयेत; दमा असेल तर त्या धोकादायक ठरू शकतात. दिल्या तरी पहिली गोळी मैफलीच्या दिवशी नको, घरच्या सरावाच्या दिवशी.

आणि एक फरक आवर्जून तपासा. घरी, एकांतात, मन शांत असतानाही तेच बोट आपोआप आत वळत असेल आणि दुखत नसेल, तर ती भीती नसावी. फोकल डिस्टोनिया, म्हणजे ठरावीक हालचालीत स्नायू आपोआप आखडण्याचा मज्जासंस्थेचा विकार, असू शकतो. 1960 च्या दशकात पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची बोटं अशीच वळू लागली. पुढे अनेक वर्षं ते डाव्या हातासाठीच्या रचना वाजवत, ऑर्केस्ट्रा चालवत आणि शिकवत राहिले. डिस्टोनियात सराव वाढवून उपयोग नसतो, नुकसान होऊ शकतं. आधी न्यूरॉलॉजिस्टकडे जा.