आरआयपी टाकलं तर चुकलं का?

प्रश्न: आमच्या कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या गल्लीच्या ग्रुपवर शेजारचे आबा गेल्याचा मेसेज आला, मी पटकन आरआयपी टाकलं, तर एक काका सगळ्यांदेखत बोलले की हे ख्रिश्चनांचं, त्यांच्यात पुरतात म्हणून 'शांत पडून राहा' म्हणतात, आपल्यात असलं लिहू नये. खरंच तसं आहे का हो?

उत्तर: काकांचं निम्मंच बरोबर आहे. मूळ लॅटिन प्रार्थना आहे, रेक्विएस्कात इन पाचे, म्हणजे त्याला शांतीत विसावा मिळो, आणि लॅटिन घ्या नाहीतर इंग्लिश 'रेस्ट इन पीस', पहिली अक्षरं तीच, आर-आय-पी. पण विसावा मागतात तो आत्म्याला, नुसत्या पुरलेल्या देहाला नव्हे. कॅथलिक मानतात की मेल्यावर आत्म्याची शुद्धी व्हायची असते, म्हणून मागं राहिलेल्यांनी त्याच्यासाठी देवाकडं मागायचं, २ नोव्हेंबरला तर सगळ्या मृतांसाठी खास प्रार्थना असते. गंमत म्हणजे सगळ्या ख्रिश्चनांना हे पटतच नाही! बऱ्याच प्रोटेस्टंटांचं म्हणणं, माणूस गेला की तो देवाच्या हवाली, मग आता त्याच्यासाठी काय मागायचं. २०१७ साली उत्तर आयर्लंडमध्ये ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेच्या गोटातून 'आरआयपी लिहू नका' असं सांगितलं गेलं होतं, म्हणजे काका तिकडंही आहेत.

आता आपलं बघा. पंचगंगेवर दहन, मग रक्षाविसर्जन, दहाव्याला कावळा शिवेपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला, आणि गीतेत तर आत्मा जुनं वस्त्र टाकून नवं घेतो, म्हणजे विसावा कुठला, पुढचा प्रवास सुरूच. इथवर काकांचा मुद्दा चालतो. पण चौकातला डिजिटल बोर्ड वाचा की, वर भावपूर्ण श्रद्धांजली आणि खाली 'ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो'. हे दुसरं काय आहे मग? त्या बोर्डावर काका कधी काही बोललेत का?

रोजच्या बोलण्यात तर त्यातला देव कधीच गेलाय, मोबाईल पाण्यात पडला आरआयपी, शाहू स्टेडियमवर पेठेची टीम हरली की समोरच्यांच्या स्टेटसला आरआयपी. मला खटकतं ते एवढंच, म्हणजे जे फोनला लिहितो तेच आबांना, तीन अक्षरांत उरकून टाकल्यासारखं वाटतं, त्यात धर्माचा काय संबंध नाही. आबांनी तुम्हाला कधी हाक मारली असेल, काही दिलं असेल, त्याच्या दोन ओळी लिहा, नाहीतर सरळ घरी जाऊन या. आणि ग्रुपवर काकांशी वाद नको, आबांच्या घरचेही त्यातच असतील.